वरून नको टाकू

वाळूला भूक लागते, हे निंबटोल्याला पूर येऊन गेल्यावर कळलं. भादव्यात वैनगंगा गावात शिरली, डोमाच्या गोठ्यातली बैलजोडी दाव्यासकट घेऊन गेली आणि बदल्यात त्याच्या वाडीत वाळू ठेवून गेली. गावात कमरेइतकी सांगतात. पिंढरीइतकी होती, तीही काही थोडी नव्हे.

त्याआधी ती वाडी म्हणजे वाडी होती. घराच्या मागं, नदीकडं उतरत गेलेली, गाळाच्या मातीची. तिथलं वांगं मोहाडीच्या बाजारात पोत्यातून बाहेर काढलं की शेजारच्या मेथीची जुडी मान खाली घालायची. गोंदियाकडचा एक जावई त्या वांग्याचं भरीत खाऊन सासरीच राहिला म्हणतात. पुढं जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तरी जावई काही परत गेला नाही.

वांगी पोत्यातून जायची. बाकी सगळ्यांची भाजी टोपल्यातून जाते, पण डोमाच्या घरात टोपलं नव्हतं. बकेट होती, गमेलं होतं, सूप होतं. बांबूचं टोपलं मात्र छप्पन सालापासून त्या उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं.

पुरानंतरच्या हिवाळ्यात डोमाच्या बायकोनं, सत्यभामाबाईनं, वाळूत वांगी लावून पाहिली. राख टाकली, पालापाचोळा टाकला. रोपांना उंदराच्या कानाएवढी पानं आली आणि तिथंच पिवळी पडली. पाणी ओतलं की वाळू गटकन पिऊन घ्यायची आणि पुन्हा तोंड उघडून बसायची. शेणखत असतं तर निभावलं असतं. पण बैल गेले, आणि गावात शेण राहिलं होतं ते मोठ्या शेतीवाल्या भय्याजीच्या गोठ्यात. ते त्याच्या स्वतःच्या धानाच्या बांध्यांना पुरत नव्हतं. मग नवराबायको दोघंही भय्याजीच्याच धानात मजुरीला जाऊ लागली.

दुसऱ्या वर्षीची धानकापणी. बाया ओळीनं वाकलेल्या, पाठीवर ऊन, पायाखाली ओल. भय्याजीची बायको बेबीबाई चहाची किटली घेऊन शेताच्या धुऱ्यावर आली. बाई वाईट नव्हती; चहात दूध घालायची.

"सत्यभामा," ती कप पुढं करत म्हणाली, "होळी झाली का तुही कटकट मिटली. वाडीची माती आमचे हे विटाच्या भट्टीले उचलून घेतीन. वरची वाळूबी जाईन."

सत्यभामाबाईनं कप घेतला. चहा पिऊन झाल्यावर पुन्हा वाकली, आणि इळा पेंढीला लागायच्या ऐवजी तिच्या बोटाला लागला. तिनं पदराची चिंधी फाडून बोट बांधलं आणि ओळ पुरी केली. वाडी तिची, आणि तिची बातमी तिला दुसऱ्याच्या धुऱ्यावर, दुसऱ्याच्या चहाबरोबर मिळाली होती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "तुमी भय्याजीले काय कबूल केलं जी?"

डोमा सुजलेल्या गुडघ्याला तेल चोळत बसला होता. "कबूल नाई केलं. होळीपर्यंत पाहू म्हणलो."

"मले काहून नाई सांगतलं?"

"सांगून काय करशीन? वाळूत वांगे लावशीन?"

"लावीन."

"मागच्या साली लावले ना. काय आलं?"

"मागच्या साली मी वाळूले उपाशी ठेवलं."

डोमा पुन्हा गुडघा चोळू लागला. "भट्टी लागली का खड्डा होते तिथं," ती म्हणाली. "मंग वाडी नाई राहत, बोडी होते. बेडकं पाळा तुमी."

"होळीपर्यंत वाडी हिरवी दिसली तं मी सोताच जाऊन भय्याजीले नाई म्हणीन," डोमा म्हणाला. "नाई दिसली तं तू बोलायचं नाई."

ठरलं ते एवढंच.

वाळूला खाऊ काय घालायचं, हे सुनेनं आणलं. सून प्रतिक्षा, शहापूरची. तिचा नवरा अश्वजित नागपूरला कंपनीत, आणि ही इथं सासूसोबत धान कापत होती. तिची प्रत्येक गोष्ट शहापूरपासून सुरू व्हायची. "आमच्या शहापूरले," ती म्हणाली, "माही आई सयपाकघरातला सारा कचरा ड्रममंदी आंबवते. मंग मातीत गाडते. गच्चीवर वांगे येते तिच्या."

"तुमच्या शहापूरले हायवेवरचे ट्रकबी आंबवत असतीन," सत्यभामाबाई म्हणाली. पण रात्री भाकरी थापताना तिनंच विचारलं, "ड्रम कोणता लागते?"

ड्रम घरात होता. निळा, झाकणाचा, पुरात कुठून तरी वाहत येऊन त्यांच्या निंबात अडकलेला. त्यात एक कोंबडी मांडी घालून बसली होती, असं सांगतात. कोंबडीचा मालक सापडला, ड्रमचा कोणी आला नाही. डोमानं त्याच्या बुडाला छिद्र पाडून लाकडी खुंटी ठोकली, आतलं पाणी काढून टाकायला.

काम सोपं होतं आणि नव्हतंही. भाजीची सालं, देठं, उरलंसुरलं बारीक चिरून ड्रममध्ये टाकायचं. त्यावर धानाचा कोंडा. कोंडा ताकात आणि गुळाच्या पाण्यात आधी मुरवून वाळवलेला. मग हातानं दाबायचं, असं की आत हवेचा श्वास राहू नये. झाकण घट्ट, वर दगड. दोन आठवड्यांनी लोणच्यासारखा वास आला तर साधलं. मेल्या उंदरासारखा आला तर फसलं. साधलेलं ते खड्ड्यात घालून माती लोटायची, तिथं ते अजून थोडे दिवस मुरतं, मग रोप.

गुळाच्या जागी सत्यभामाबाईनं मोहफुलं भिजवली. चैतात वेचून वाळवलेली घरात होतीच. त्यामुळं पहिल्या आठवड्यात ड्रमला असा काही वास सुटला की गावातले दोन-तीन बुढे कारण नसताना डोमाच्या गुडघ्याची चौकशी करून गेले. खुंटीखालचं पाणी चाखलेल्या एका कोंबड्यानं भरदुपारी बांग दिली आणि संध्याकाळपर्यंत देतच राहिला.

पुढच्या आठवड्यात वास बदलला. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर आत काळं पाणी, आणि त्यात पांढऱ्या अळ्या. प्रतिक्षा नाकाला पदर लावून मागं सरली.

"आई, यात पाणी कोणी टाकलं? पाणी अजिबात नाई पायजे."

सत्यभामाबाईनं टाकलं नव्हतं. डोमा तर जवळही जात नव्हता. दोघींनी दाराकडं पाहिलं. दारात डोमाची माय, जनाबाई, पाय पसरून बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस सावलीसारखं दिसायचं. कान मात्र हरणाचे.

"माय, तुमी ड्रममंदी पाणी टाकलं का?"

"पाणी काहून टाकीन? पेज टाकली."

रोज दुपारी आपल्या वाट्याची भाताची पेज पिऊन झाली की उरलेली ती चाचपडत ड्रममध्ये ओतत होती. पेज मोरीत जाऊ द्यायची नाही, ही त्या घराची रीत. गाय होती तेव्हा गाईला, बैल होते तेव्हा बैलाला. आता खाणारं तोंड म्हणून ड्रम होता. बुढीनं त्याला जनावर समजून पाजलं होतं.

प्रतिक्षा हसू दाबायला गेली आणि तिला रडू आलं. सासूनं फावडं उचललं आणि तो सगळा घाण गाळ दूर नाल्याच्या कडेला पुरून आली. हात राखेनं घासले, निंबाच्या पाल्यानं घासले, वास जाईना. त्या दिवशी तिनं जेवण केलं नाही.

आता ड्रम पुन्हा भरायचा होता, आणि घरातलं होतं नव्हतं ते पहिल्याच खेपेला संपलं होतं. त्या घरात साल कुठं उरायची? दुधीची साल चटणीत जायची, कोबीचे दांडे वरणात, भोपळ्याच्या बिया चुलीवर भाजून खायला. आठवडाभर साठवून ड्रमचं बूडही झाकलं नाही. पूस जवळ आला. वांग्याचं बी बुढीच्या फुटक्या माठात टाकलेलं होतं. त्यानं डोकं वर काढलं होतं.

"भय्याजीच्या पोरीचं लगन आहे," जेवताना प्रतिक्षा म्हणाली. "आई, तिथं जे उरन त्यात ड्रम काय, अख्खी वाडी भरन. आमच्या शहापूरले बाया मंगल कार्यालयातून आणते."

डोमाचा घास हातात थांबला. "काय आणते?"

"उरलेलं. भाजीची साल, भात."

"उष्टं म्हन."

काय चुकलं ते प्रतिक्षाला कळलं नव्हतं. तिचा बाप नोकरीत होता, आजाही नोकरीत होता.

"उष्टं म्हन ना," डोमा पुन्हा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पोरी, ह्या घरात टोपलं काहून नाई, तुले कोणी सांगतलं का?"

कोणी सांगितलं नव्हतं. त्या घरात ते सांगायची पद्धत नव्हती. बुढी भिंतीला टेकून भात चावत होती. तिनं तोंड हलवायचं थांबवलं नाही.

जनाबाई लग्न होऊन निंबटोल्याला आली तेव्हा पोरच होती. सासूच्या मागं टोपलं घेऊन भय्याजीच्या आज्याच्या वाड्याच्या मागच्या अंगाला जायची. लग्न, तेरवी, सण. पंगती उठल्या की गोठ्याजवळ थांबायचं. वाढपीण ओट्यावरून टाकायची. हात लागू नये म्हणून वरून. भात टोपल्यात पडायचा, वरण बांबूच्या फटीतून हातावर, हातावरून कोपरापर्यंत. छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षा झाली. सासरा पायी गेला होता, पायी आला, आणि आल्या आल्या म्हणाला, टोपलं काढा. सासू-सुनेनं टोपलं नेऊन वैनगंगेत टाकलं. ते फिरून काठाला लागलं. सासू कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि त्याला पुन्हा ढकललं. ते गोसेच्या धरणापर्यंत गेलं म्हणतात. धरण तेव्हा बांधलेलं नव्हतं, पण टोपल्याला घाई होती.

डोमानं यातलं अर्धंही सांगितलं नाही. "माही आजी पाण्यात घुसली होती," एवढंच म्हणाला. "अन् तुमी बकेट घेऊन उलट्या फिरा आता."

"मी जाऊन राहिली असं कोण म्हणलं?" सत्यभामाबाईनं विचारलं.

"तुह्या मनात आहे."

होतंच. ती ताटात बोटानं रेघ ओढत राहिली. एकीकडं वाडी होती, एकीकडं बुढीची नदी.

लग्न झालं. तीनही बाया आणि डोमा जेवायला गेले. पंगतीत सगळ्यांसोबत बसले, जिलबी दुसऱ्यांदाही मिळाली. बेबीबाईनं प्रतिक्षाला विचारलं, तुमच्या घरी कोणती दारू काढून राहिले म्हणते, आणि प्रतिक्षानं हसत हसत ड्रमचं सारं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भय्याजीचा सालदार केवळराम अंगणात येऊन उभा राहिला. जुना माणूस, डोमाच्या बरोबरीचा. त्यानं डोमाकडं न पाहता सांगितलं.

"बाईनं निरोप धाडला. लगनाचं लय उरलं म्हणे. टोपलं घेऊन ये अन् घेऊन जा म्हणे."

डोमा दोरी वळत होता. दोरीचा पीळ त्याच्या मांडीवर तसाच सुटत गेला. दारातल्या बुढीनं मान केवळरामच्या आवाजाकडं वळवली.

सत्यभामाबाई ओल्या हातानं बाहेर आली. तिला ते हवं होतं. किती हवं होतं, ते तिच्या रिकाम्या ड्रमला ठाऊक होतं. तिनं हात पुसले.

"बाईले सांगा, मले पायजे. साल पायजे, भात पायजे, सारं पायजे. पण मी येत नाई. आणून द्या म्हणा."

"आणून?"

"हो."

"कोण आणन?"

"ज्याच्या घरचं आहे तो."

केवळरामनं पहिल्यांदाच डोमाकडं पाहिलं. डोमा दोरीकडं पाहत होता. केवळराम गेला. तिकडं सगळे हसले असणार. कारण थोड्या वेळानं खुद्द भय्याजी मोटरसायकलीवर आला, तो हसू चेहऱ्यावर ठेवूनच. गाडीवरून उतरला नाही, एक पाय टेकून उभा राहिला.

"काहून वो सत्यभामाबाई, गरज तुले का मले?"

"मले."

"मंग तुलेच येऊ लागन ना."

"नाई जी."

"सडून जाईन ते."

"सडू द्या."

भय्याजीचं हसू जरा उतरलं. "आता कोण मानते ते जुनं? काल पंगतीत माह्या बाजूले बसून डोमा जेवला का नाई? मी कोणाले उठवलं का?"

"नाई उठवलं. तुमी बोलावलं, आमी आलो. पानात वाढलं, आमी जेवलो. लगन चांगलं झालं." ती थांबली. "हे उरलेलं आहे भय्याजी."

"खताले तं पायजे. तुले काय खायचं आहे?"

भय्याजी दाराकडं वळला. "बुढीमाय, सांग ना तुह्या सुनेले."

जनाबाई मोहफुलं निवडत होती. तिनं एक फूल बोटांनी चाचपलं, देठ काढून टाकलं, दुसरं घेतलं.

"होळीचं ध्यानात आहे ना डोमा," भय्याजी गाडी सुरू करताना म्हणाला.

धूर विरल्यावर डोमा बायकोला म्हणाला, "वाडी गेली."

"तुमीच म्हणले ना, जाऊ नको."

"म्हणलो. अन् बरोबरच म्हणलो. तरीबी गेली."

दुसऱ्या दिवशी तो मजुरीला गेला नाही. सत्यभामाबाई पाणी भरून आली तर वाडीत फावड्याचा आवाज. सुजलेला गुडघा लांब ठेवून डोमा वाळूत खड्डे काढत होता. ढोपरभर खोल, रांगेत. वाळू कडेनं आत घसरायची, तो पुन्हा काढायचा. खाली पोचलं की जुनी माती दिसायची, ओली, काळपट. तो क्षणभर तिच्याकडं पाहायचा आणि पुढच्या खड्ड्याला लागायचा.

"भरणार काय यात?" तिनं विचारलं.

"ते तू पाह. खड्डे माहे."

तीही कुदळ घेऊन उतरली. जेवायच्या वेळेपर्यंत वाडीत रिकाम्या खड्ड्यांची एक रांग उभी राहिली, आ वासलेली.

तिकडं भय्याजीच्या घरामागं वेगळंच होऊन बसलं. उरलेला भात मोठ्या गंजांत झाकलेला होता, भाज्यांची सालं पोत्यांत. पण उघड्यावर पडलेल्या पत्रावळींवर गावभरची कुत्री जमली. एका कुत्र्यानं जिलबी खाऊन नवरदेवाच्या चपला ओळखल्या आणि त्या घेऊन पळाला, असं सांगतात. हसायचं होतं ते लोक हसले. पण दुसऱ्या दिवशी पोरीचे सासरचे पाहुणे यायचे होते, आणि मागच्या अंगणात आंबूस वास भरला होता. भय्याजी मळणीवर. ट्रॅक्टर मळणीवर. पोरं पाहुण्यांना आणायला गेलेली. बेबीबाईनं केवळरामला सांगितलं, नेऊन टाक डोमाकडं. केवळराम चौकटीला हात लावून उभा राहिला.

"बाई, मी धान उचलीन, शेण उचलीन. हे मी उचलून त्याच्या घरी नेलं तं त्याच्या बुढीसमोर उभं कसं राहू? मीबी गावातलाच आहो."

मग दुपारी, गल्ली रिकामी असताना, बेबीबाई स्वतः निघाली. समोरच्या रस्त्यानं नाही, मागच्या पायवाटेनं. डोक्यावर गमेलं, त्यावर जुनी साडी झाकलेली. दया आली म्हणून नाही, पाहुण्यांसाठी. पण निघाली, हे खरं. सवय नसलेलं ओझं मानेत रुतत होतं, एका हातानं गमेलं आणि एका हातानं पदर सांभाळत ती डोमाच्या अंगणात शिरली.

दारात जनाबाई.

"कोण आहे?"

"मी. बेबीबाई."

"कोणती बेबीबाई?"

"भय्याजीची."

बुढीच्या बोटांतलं फूल तसंच राहिलं. "काय आणलं?"

"उरलेलं."

"उष्टं म्हन."

बेबीबाईच्या कपाळावरून घाम ओघळला. हात मोकळा नव्हता, पुसता आला नाही. "उष्टं," ती म्हणाली.

आवाज ऐकून सत्यभामाबाई आणि प्रतिक्षा वाडीतून आल्या. मागं डोमा, फावडं हातात, कुडाशीच थांबला. प्रतिक्षानं ड्रमचं झाकण काढलं. गमेल्यावरची साडी दूर करून वाकून वास घेतला. सालं ताजी होती, भात आंबला होता, पण सडला नव्हता. तिनं मान हलवली.

बेबीबाईनं गमेलं डोक्यावरून उतरवलं, तोंड बाजूला फिरवलं आणि हात लांब करून वरूनच ओतायला लागली. भात ड्रमच्या तळाशी पडला. थप्प. पुन्हा थप्प.

जनाबाई हा आवाज ओळखत होती. डोळे गेले तरी हा आवाज तिच्यापासून गेला नव्हता. तिचा हात कोपरापाशी गेला आणि काही पुसल्यासारखं करून खाली आला.

"वरून नको टाकू," ती म्हणाली.

सगळ्या थांबल्या.

"वरून टाकलं का हवा जाते त्यात. सडते." बुढीचा आवाज अगदी साधा होता, भात करपला सांगावं तसा. "खाली ठेव. थोडं थोडं टाक. हातानं दाब."

बेबीबाईनं सत्यभामाबाईकडं पाहिलं. पोरीच्या लग्नात भरलेला हिरवा चुडा हातात अजून नवा होता. बेबीबाईनं एकेक करून बांगड्या कोपराकडं सरकवल्या, ड्रमच्या कडेवर पोट टेकलं आणि हात आत घातला. तिनं दाबलं ते वरवर, बोटांच्या टोकानं.

"तसं नाई," सत्यभामाबाई म्हणाली आणि तिच्या बाजूनं आपला हात आत घातला. मूठ वळून, खांद्याचा भार देऊन. "असं."

ड्रमच्या तोंडात दोघींचे हात एकमेकांना लागत होते. प्रतिक्षा वरून कोंडा भुरभुरत होती. एक थर, एक दाब. भाताचं पाणी खुंटीखालून ठिबकू लागलं. बेबीबाईचा श्वास फुलला. थोड्या वेळानं तिनं नाकावरचा पदर काढून कमरेला खोचला. एका हातानं काम होत नव्हतं.

"आत गरम आहे वो," ती म्हणाली.

"जित्तं आहे ते," प्रतिक्षा म्हणाली. "आमच्या शहापूरले," एवढं बोलून तिनं सासूकडं पाहिलं आणि पुढचं गिळलं.

बेबीबाई पुन्हा जाऊन आली. आणखी एकदा जाऊन आली, आणि त्या वेळी मागच्या वाटेनं आली नाही, समोरच्या गल्लीनं आली. मागची वाट लांब पडते. शेवटी ड्रम गळ्यापर्यंत भरला. डोमानं कुडाजवळून येऊन झाकण बसवलं, वर दगड ठेवला आणि तो वाडीत परत गेला.

बेबीबाई हात पुढं धरून उभी होती, कोपरापर्यंत माखलेली. सत्यभामाबाईनं पिण्याच्या माठातून लोटा भरून आणला, आणि तिच्या ओंजळीवर पाणी धरणार तोच बुढी पुन्हा बोलली.

"वरून नको. लोटा दे तिच्या हाती. घेऊ दे तिच्या हातानं."

सत्यभामाबाई थबकली. मग तिनं लोटा पुढं केला. बेबीबाईनं माखल्या हातांनी तो धरला, खाली बसली, हात धुतले. लोट्याच्या बाहेरून हात फिरवून तोही धुतला. बुडाशी थोडं पाणी उरलं होतं. उन्हातून तीन खेपा झालेल्या होत्या, घसा कोरडा पडला होता. तिनं लोटा तोंडाला लावला आणि ते पाणी पिऊन टाकलं. मग उठली, पदर डोक्यावर घेतला.

"येतो," म्हणाली.

"जयभीम," बुढी म्हणाली.

बेबीबाईनं काय उत्तर दिलं, यावर गावात आजही दोन मतं आहेत. तीन बायांनी ते ऐकलं आणि तिघीही सांगत नाहीत.

ड्रम साधला. झाकण काढलं तेव्हा लोणच्याचा वास आला, पांढरी बुरशी धरलेली, कुठं अळी नाही. डोमाचे खड्डे भरले, वर माती लोटली. मुरल्यावर माठातली रोपं तिथं गेली. सत्यभामाबाई सकाळ-संध्याकाळ लोट्यानं पाणी घालायची. पाणी आता गटकन जात नव्हतं. रोपाच्या बुडाशी थोडा वेळ थांबायचं, विचार केल्यासारखं.

होळीला भय्याजी धुऱ्यावरून आला. वाडीत सगळीकडं वाळूच होती. फक्त मधोमध ती खड्ड्यांची रांग हिरवी होती, जांभळी फुलं धरलेली, आणि चार-दोन झाडांना आंगठ्याएवढी वांगी. तेवढीच. भय्याजी बराच वेळ पाहत राहिला.

"हे काय हिरवी वाडी झाली का डोमा?"

"नाई," डोमा म्हणाला. "रांग झाली."

"मंग?"

"नाई देत भट्टीले. सोता येणार होतो सांगाले."

भय्याजीनं खाली वाकून एका रोपाच्या बुडाची माती चिमटीत घेतली, नाकाशी नेली. जाताना फक्त म्हणाला, "घरी पुन्हा सालं जमली. बेबीनं दोन पोते भरून ठेवले."

चैत लागता लागता पहिला तोडा निघाला. मोहाडीच्या बाजाराला न्यायचा. एक पोतं उंदरांनी कुरतडलं होतं, दुसऱ्यात कोंडा होता. डोमा आदल्या आठवड्याच्या बाजारातून काहीतरी साडीत गुंडाळून आणून गोठ्यात ठेवून बसला होता. बोलायची हिंमत होत नव्हती. शेवटी त्यानं ते आणून मायच्या पुढ्यात ठेवलं आणि बाजूला झाला.

जनाबाईनं हात फिरवला. काठाचं वेटोळं, आडव्या काड्या, फटी. नव्या बांबूचा वास. तिची बोटं फटीफटीतून खाली गेली, पुन्हा वर आली. सत्यभामाबाई चौकटीत उभी, प्रतिक्षा तिच्या मागं. अंगणात कोंबडा सुद्धा गप्प होता, आणि तो कोंबडा गप्प बसणाऱ्यातला नव्हता.

"फटी मोठ्या आहे," बुढी म्हणाली. "वरण गळते यातून."

बुढीनं एका फटीतून बोट आरपार घातलं.

"वांगं नाई गळत," म्हणत तिनं टोपलं पुढं लोटलं. "भरा. अन् वरून नका टाकू. मार लागते वांग्याले."